पडदा उलटा झाला त्या दिवसापासून

१२ फेब्रुवारी

काल सकाळी प्रार्थना आटोपून संगणक सुरू केला, तर पडद्यावरचं सगळं डोकं खाली पाय वर. अक्षरं उलटी, चित्र उलटं, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा उलटं. बंद करून पुन्हा लावला, तरी तेच. छापखान्याची पानं दुपारपर्यंत तपासून पाठवायची होती, तेव्हा कपाळाला हात लावून बसायला सवड नव्हती. मी मॉनिटर उचलला, उलटा केला, भिंतीला टेकवला आणि घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना शब्दकोशाचे जाड खंड लावले. त्याची बैठक हवेत राहिली, पण अक्षरं सुलट झाली. दिवसभर काम व्यवस्थित झालं.

आजही तसाच बसलो होतो. ही केर काढता काढता थांबली.

"अहो, हे काय, शीर्षासन?"

"काम होतंय ना? मग झालं."

"त्याला विचारा की."

"कोणाला?"

"घरात संगणकवाले चार आहेत ना, म्हणून कोणाला विचारताय."

छापखान्यातली मुद्रितं तपासायची खोली मालकांनी बंद केल्यापासून पानं घरीच येतात, पडद्यावर. हा संगणक आमच्या चिरंजिवांचा. गेल्या वर्षी दूरच्या शहरात नोकरीला गेला तेव्हा ठेवून गेला. नोकरी अशी की लोकांचे संगणक बिघडले की ते फोन करतात आणि हा त्यांना कुठलं बटण दाबायचं ते सांगतो. इथल्या शाळेत त्याच्यासाठी जागा तयार होती. मी शब्द टाकला होता. तो गेला. तेव्हापासून त्याचा फोन येतो तो हिला, आणि माझी विचारपूस होते ती हिच्यामार्फत.

हिने नंबर लावला, फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"हॅलो, आई?"

"मी आहे. पडदा उलटा झालाय."

मग तो कामावरच्या आवाजात बोलायला लागला. "ठीक आहे. मॉनिटर समोर आहे का? त्यावर काय दिसतंय?"

"सगळं सुलट दिसतंय."

"मग उलटं काय आहे?"

"मॉनिटर."

"बाबा, मॉनिटरचा पाय कुठे आहे?"

"वर."

यावर तो जो हसला. हसता हसता ठसका लागला, कोणीतरी त्याला पाणी दिल्याचं ऐकू आलं. मग मलाही हसू आलं. त्याने सांगितल्या त्या दोन कळा धरून बाणाची कळ दाबली, तर सगळं पुन्हा उलटं.

"आणखी बिघडलं," मी म्हणालो.

"आता मॉनिटर सरळ करा, बाबा."

सरळ केला. झालं. हिने परवा ओल्या फडक्याने कळफलक पुसला होता, त्यात त्या कळा दाबल्या गेल्या असणार असं तो म्हणाला. फोन ठेवून मागे पाहिलं तर ही दारात उभी. हात पिठाचे तसेच. किती वेळ उभी होती कोण जाणे.

१५ फेब्रुवारी

हिने जेवताना सांगितलं. कंपनी त्याला परदेशात पाठवते आहे, तीन वर्षांसाठी. मार्चअखेरीस जायचं.

"जाण्याआधी येणार असेल ना," मी म्हणालो.

"तुम्ही बोलावलंत तर येईन म्हणाला."

"स्वतःच्या घरी यायला आमंत्रण लागतं का? घर काय परक्याचं आहे?"

हिने माझ्या ताटात न मागता भात वाढला. मी तो खाल्ला.

खरं सांगायचं तर मलाही वाटतं, म्हणावं. पण काय म्हणायचं? तो गेला त्या सकाळी मी प्रार्थनेला बसलो होतो. तो पिशवी घेऊन दारात थांबला होता. बुटांचा आवाज कळत होता. प्रार्थना अर्धी टाकून उठायचं नसतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी उठलो तेव्हा दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. देव तेवढा वेळ थांबला असता की नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज नवीनच. पडदा काळा, आणि 'सिग्नल नाही' अशी एक चौकट त्यावर हरवल्यासारखी इकडून तिकडे फिरते. खालचा डबा मात्र चालू, पंख्याचा आवाज येतो. मी दोनदा बंद-चालू केला. ही म्हणाली, "उगीच नादाला लागू नका, जळेल बिळेल. विचारा त्याला." आणि नंबर लावून दिलाच.

तो म्हणाला, मॉनिटरच्या मागची जाड वायर बघा. बघितली तर लोंबकळत होती. दाबून बसवली, पडदा आला.

पडदा आला की आधी त्याचा गोल फोटो येतो. कॉलेजातला, केस कपाळावर. खाली परवलीचा शब्द घालायची पट्टी. तो शब्द हिला ठाऊक आहे, तिने मला लिहून दिला. मी तो हळूहळू एकेक अक्षर घालतो. शब्द पूर्ण झाला की फोटो जातो आणि काम सुरू होतं.

"जेवलास का, विचारा," ही मागून म्हणाली.

"आई विचारते, जेवलास का."

"जेवलो. तुम्ही?"

"हो."

वायरीचं बोलणं तोवर संपलं होतं, तरी फोन लगेच ठेवला गेला नाही.

२१ फेब्रुवारी

पुन्हा तीच वायर. मी काल रात्री व्यवस्थित बंद करून झोपलो होतो. तो म्हणाला, वायरीच्या टोकाला दोन बाजूंना दोन लहान स्क्रू आहेत, ते बोटांनी आवळा म्हणजे सुटणार नाही. आवळले. फोनवर तो सांगत होता आणि मी टेबलाखाली डोकं घालून "हं, हं" करत होतो. लहानपणी सायकलची साखळी चढवताना मी सांगायचो आणि तो "हं, हं" करायचा. हे मी त्याला बोललो नाही. बोलायचं मनात आलं तोवर त्याचा दुसरा फोन आला.

२४ फेब्रुवारी

स्क्रू आवळूनही वायर सुटलेली. हे मात्र पटण्यासारखं नाही. मी वायर सोडवली, पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. तरुण माणूस आहे, बोलताना हातातलं काम सोडत नाही. त्याने वायर उलटसुलट पाहिली, आपल्या मॉनिटरला लावून पाहिली.

"काका, वायर उत्तम आहे. स्क्रू आवळले होते?"

"मी स्वतः."

"मग आपोआप नाही सुटायची. घरात कोण कोण असतं?"

"मी आणि आमच्या ह्या."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग हसला. "मग काका, वायरीचं औषध माझ्याकडे नाही." पैसे घेतले नाहीत. संगणक मुलाचा आहे हे ऐकून निघताना म्हणाला, हळू चालत असेल तर त्यातलं त्याचं जुनं खातं काढून टाकू, जागा होईल. मी म्हणालो, राहू दे, हळू चालला तरी मला घाई नसते.

वाटेत विचार करत आलो. माणसं दोन आणि वायर सुटते, म्हणजे उंदीर. तो स्पष्ट म्हणाला नाही, गिऱ्हाइकाच्या घरात उंदीर आहेत असं तोंडावर कसं म्हणणार. हार्डवेअरच्या दुकानातून चाप घेतला, त्यावर पावाचा तुकडा लावला आणि मॉनिटरच्या मागे ठेवून दिला. हिला सांगायचं राहून गेलं.

२५ फेब्रुवारी

चाप पडलेला, पाव तसाच. उंदीर हुशार आहे. वायर मात्र जागेवर होती, म्हणजे घाबरला असावा.

हिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. काय झालं विचारलं तर म्हणाली, भाजी चिरताना लागलं. डावखुरी नसून उजव्या हाताला कसं लागलं, म्हटलं, तर "तुम्ही चिरा मग उद्यापासून" असं म्हणाली. भांडी मी घासली.

२८ फेब्रुवारी

सकाळपासून पडदा इतका अंधुक की अक्षरं वाचायची म्हणजे विहिरीत वाकून बघायचं. मला वाटलं, माझे डोळे गेले. चष्मा पुसला. खिडकी बंद केली, उघडली. शेवटी फोन.

"मॉनिटरच्या खालच्या कडेला बटणं आहेत," तो म्हणाला, "त्यातल्या एकावर सूर्याचं चित्र असेल. त्याने उजेड वाढवा." वाढवला. मग त्याने विचारलं, "हे कोणी कमी केलं?"

"आपोआप झालं."

"बाबा, आई कुठे आहे?"

"इथेच, मागे उभी आहे."

"द्या जरा तिला."

ही फोन घेऊन गॅलरीत गेली. काय बोलली ते कळलं नाही, नुसतं हसणं ऐकू येत होतं, दबक्या आवाजातलं. मग बराच वेळ हसणं नव्हतं. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. कांद्याची वेळ नव्हती.

२ मार्च

मी ठरवलं, दर वेळी त्याच्या कामात व्यत्यय आणायचा नाही. त्यालाही वरिष्ठ असतील, विचारत असतील घरचे फोन किती येतात. माणसाने आपल्या हाताखालचं अवजार ओळखायला हवं. आजवर तो जे जे बोलला ते आठवून पाहिलं. खरं म्हणजे गोष्टी फारशा नाहीत. आधी वीज येते का बघायचं, मग दिवा कोणत्या रंगाचा आहे, मग वायर दोन्ही टोकांना बसली आहे का, मग बटणं. आणि काहीच कळेनासं झालं तर बंद करून थोडा दम धरायचा. गावच्या शाळेत गणित अडलं की गुरुजी पाटी उलटी ठेवायला सांगायचे आणि अंगणाला एक फेरी मारून या म्हणायचे. तसंच हे.

आज सकाळी पडदा काळा होता. मी कोणाला न विचारता भिंतीवरचं बटण पाहिलं. बंद होतं. लावलं. झालं.

"जमलं हो मला," मी ओरडून सांगितलं.

दुपारची आमटी अळणी होती.

५ मार्च

आवाज येत नव्हता, मी शोधून काढलं. उंदराचा चाप काढून टाकला. कळफलकाची वायर सैल होती, मीच बसवली. आता खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईही मला विचारतात. त्यांचा मॉनिटर लुकलुकत होता, मी वायर आवळून दिली. "तुम्ही तर मुलाच्या वरताण झालात," त्या म्हणाल्या. घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"सगळं आलं तुम्हाला," ती म्हणाली. "आता कशाला कोणाची गरज?"

तिला बरं वाटत नसावं.

९ मार्च

यंत्र सुरळीत. पानं वेळेत जातात. त्याचा फोन हिला आला होता, पण मी खाली गेलो होतो.

१३ मार्च

बिघाड नाही.

सकाळी बटण दाबताना मनात एक चमत्कारिक विचार आला, की आज लागू नये. लागला. गोल फोटो आला. मी शब्द घालायला उगीच उशीर केला. मग मॉनिटरच्या मागे हात घालून पाहिलं, वायर घट्ट आहे का म्हणून. घट्ट होती. हात काढताना मला हायसं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. का, ते सांगता येत नाही.

१६ मार्च

"सत्तावीसला निघतोय तो," ही म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालत होती, माझ्याकडे न बघता. "तिकडूनच विमान आहे. इथे यायचं तर आता बेत करायला हवा. रजा टाकायला हवी."

"त्याने विचारलं का काही?"

"त्याने कशाला विचारायचं? तो एक वर्षभर विचारतोच आहे."

"तसं नाही. मी काय म्हणतो, तो लहान आहे, त्याने—"

"तो लहान आहे, तुम्ही मोठे आहात. बरं. दोघं आपापल्या जागी घट्ट बसा." तिने माझा सदरा घडी घालून बाजूला ठेवला. "मला जमलं तेवढं मी केलं. आता मी काही करणार नाही."

काय केलं होतं, ते मी विचारलं नाही. गेले काही दिवस तिच्याशी बोलताना मला नेमका शब्द सापडत नाही. पानावरची चूक लांबून दिसते. इथे सगळं पान बरोबर वाटतं आणि तरी काहीतरी राहून गेलं आहे.

१९ मार्च

मी देवाकडे सहसा काही मागत नाही. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे, आपलं नाव आलं की 'हजर' म्हणायचं आणि बसायचं. माझी प्रार्थना तेवढीच. आज मात्र मागितलं. मागितलं काय, तर संगणक बिघडू दे. मोठं काही नको, आपलं वायर किंवा उजेड. म्हणजे फोन करायला तोंड राहील, आणि बोलता बोलता बोलून होईल.

मग माझीच मला लाज वाटली. देवाकडे लोक काय काय घेऊन येतात, आणि मी त्याला वायर सैल करायला सांगतो.

यंत्र व्यवस्थित चाललं. त्याच्याकडून हे उत्तर समजावं का, कळत नाही.

२० मार्च

दुपारी छापखान्याचं काम बाजूला ठेवून एका कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं, फोनवर काय म्हणायचं ते. आयत्या वेळी माझी जीभ वळत नाही, म्हणून. लिहिलं: 'तुझ्या आईला फार वाटतं की जाण्यापूर्वी तू चार दिवस घरी येऊन जावंस, तुला कामातून सवड असेल तर, आणि मलाही त्यात काही हरकत नाही.'

वाचून पाहिलं आणि लाल पेन घेतलं. सवयच ती. आधी 'मलाही त्यात काही हरकत नाही' खोडलं. हरकत कोणी विचारली होती? मग 'सवड असेल तर' खोडलं, ती पळवाट होती, त्याच्यासाठी आणि त्याहून माझ्यासाठी. मग पाहिलं तर वाक्याच्या सुरुवातीलाच मी हिच्या मागे लपलो होतो. तिला वाटतं, तिला हवं आहे. तेही खोडलं. 'जाण्यापूर्वी' खोडलं, कारण तो जाणार नसता तरी मला तेच म्हणायचं होतं. 'चार दिवस' खोडले, किती दिवस हे त्याने ठरवावं.

खोडता खोडता कागद लाल झाला. शेवटी एक शब्द राहिला. तो मात्र खोडता येईना.

हिने चहा आणून ठेवला. कागदाकडे पाहिलं असावं. कागद मी चुरगाळून टोपलीत टाकला. एवढा एक शब्द लक्षात राहायला कागद कशाला.

२१ मार्च

आज सकाळी प्रार्थनेला बसलो आणि मधेच उठलो. आयुष्यात पहिल्यांदा. विचार करत बसलो असतो तर पुन्हा दुपार झाली असती, मग संध्याकाळ. तो कामाला लागण्याआधीची वेळ होती. संगणक चालू होता, पडदा लख्ख. फोन मी स्वतः लावला. नंबर मला पाठ आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही."

"पडदा गेला का?"

"नाही. चालू आहे."

"वायर बघितलीत? बघा एकदा हात लावून."

"घट्ट आहे."

"उजेड?"

"भरपूर आहे. आवाजही येतो. कळा सगळ्या चालतात. पाय खाली आहे."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "मग बिघडलंय काय, बाबा?"

"संगणकाचं काही नाही बिघडलं."

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. आत आहे." फोन दुसऱ्या कानाला लावला. "मीच केला फोन. तू ये."

पलीकडे कोणाच्या तरी खुर्चीचा आवाज आला. मग दार लागल्याचा. तो कुठल्यातरी शांत जागी गेला असावा.

"रजेचं बघावं लागेल," तो म्हणाला. आवाज कामावरचा नव्हता.

"बघ. पण ये."

"परवा रात्रीची गाडी मिळाली तर सकाळी पोचेन."

"मी येतो स्टेशनवर."

"कशाला? मला रस्ता माहीत आहे की."

"तरी येतो."

मग आम्ही दोघंही फोन धरून नुसते थांबलो. बोलायला काही नव्हतं आणि ठेवायचंही नव्हतं. शेवटी त्याला कोणीतरी हाक मारली, तेव्हा त्याने ठेवला.

हिला सांगायला स्वयंपाकघराकडे वळलो. सांगायची गरज पडली नाही. आतला भांड्यांचा आवाज मघाशीच थांबला होता.